न्यायमूर्ती पाल यांनी जपानला ‘निर्दोष’ ठरवलं होतं का?

हिरोशिमाची आठवण निघाली की आमच्या मालवण-रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास येतो. 12 नोव्हेंबर 1948, टोकियोबाहेर बागेतलं एक मोठं घर, जपानी युद्धगुन्हेगारांचा खटला. न्यायाधीश एकामागून एक ‘दोषी’ म्हणतात आणि एक भारतीय गरजतो, ‘दोषी नाही!’ पुढे तात्पर्य येतं: राधाबिनोद पालांनी जपानला वाचवलं, भारत जपानच्या पाठीशी उभा राहिला, जपानी अत्याचार ही जेत्यांनी रचलेली कहाणी होती आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयं म्हणजे निव्वळ नाटक.

गजाल म्हणून झकास आहे. पण खटला चालला तो टोकियोतच, इचिगायातल्या जुन्या लष्करी इमारतीत. निकाल अध्यक्ष विल्यम वेब यांनी 4 ते 12 नोव्हेंबर असे कित्येक दिवस वाचला आणि अल्पमतातली निकालपत्रं कोर्टात वाचलीच गेली नाहीत. त्यामुळे गरजण्याचा प्रश्नच नव्हता. सगळ्या आरोपींना सगळ्या आरोपांतून सोडा म्हणणारे पाल एकटेच होते, हे मात्र खरं. पण असहमत ते एकटेच नव्हते. डच न्यायाधीश रोलिंग यांच्या मते पाच जण सुटायला हवे होते, आणि फ्रान्सच्या बर्नार यांना खटल्याची पद्धतच मान्य नव्हती.

‘जपानला वाचवलं’ म्हणजे काय, तेही कळत नाही. आरोपी म्हणून उभे केले होते 28. दोघे खटल्यादरम्यान वारले, एकाला मनोरुग्ण म्हणून वगळलं, उरलेले 25 च्या 25 दोषी ठरले. युद्धकाळातले पंतप्रधान तोजो यांच्यासह सात जणांना 23 डिसेंबर 1948 ला फाशी झाली. बाकीच्यांपैकी काही तुरुंगातच वारले; उरलेले पुढच्या दहा वर्षांत हळूहळू बाहेर आले, ते शीतयुद्धात अमेरिकेला जपान हवा होता म्हणून. पालांच्या निकालपत्राचा त्यात हात नाही.

फॉरवर्डमधली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे अत्याचार खोटे ठरवणं. पालांनी नेमकं उलट लिहिलं आहे. काही पुरावा प्रचारकी आणि फुगवलेला आहे असं म्हणूनही, जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी मान्य केलं. त्यांचा आक्षेप वेगळा होता. आक्रमक युद्ध पुकारणं हा त्या वेळच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, युद्धाचा कट सिद्ध झालेला नाही, आणि समोर बसलेल्या मंत्र्या-सेनापतींनी हे अत्याचार करवले असं दिसत नाही. प्रत्यक्ष हात रक्ताने माखलेल्यांचे खटले इतरत्र चालले होते, याची दखल त्यांनीच घेतली आहे.

त्यातला एक खटला दर्यावर्दी कोकणाने तरी माहीत करून घ्यावा. इथल्या कितीतरी घरांतून माणसं पिढ्यान् पिढ्या बोटीवर गेलेली. मार्च 1944 मध्ये मुंबईकडे निघालेलं ‘बेहार’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज ‘टोने’ या जपानी युद्धनौकेने हिंदी महासागरात बुडवलं. शंभराहून अधिक माणसांना पाण्यातून वर घेतलं. त्यातल्या थोड्यांना बटाव्हियाला (आजचं जकार्ता) उतरवलं आणि साठहून अधिक जणांना काही दिवसांनी रात्री डेकवर ठार मारलं. मेलेल्यांत भारतीय खलाशीही होते. हुकूम देणाऱ्या व्हाइस अ‍ॅडमिरल साकोंजूवर हाँगकाँगच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला आणि 1948 मध्ये त्याला फाशी झाली. कैद्यांना वाचवावं असं वाटणाऱ्या, तरी शेवटी हुकूम पाळणाऱ्या कप्तानाला सात वर्षं कैद. ‘हुकूम होता’ म्हणून तो सुटला नाही, पण शिक्षेत फरक केला गेला.

आणि अंदमान? सावरकरांमुळे रत्नागिरीकरांना सेल्युलर जेल पाठ आहे. त्याच जेलमध्ये जपानी ताब्याच्या काळात तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग यांचा छळ होऊन जानेवारी 1944 मध्ये मृत्यू झाला. तोही जेत्यांचा बनाव म्हणायचा का?

‘भारत जपानच्या पाठीशी उभा राहिला’ हेही चूक. पालांची नेमणूक 1946 ची, स्वातंत्र्याआधीची. त्यांच्या मतातली अनेक विधानं सरकारला मान्य नाहीत, असं नेहरूंनी लिहून ठेवलं आहे.

राहिला जेत्यांचा न्याय. इथे फॉरवर्ड अगदीच हवेत नाही. सम्राट हिरोहितोवर खटला भरला नाही. माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या ‘युनिट 731’ च्या लोकांना अमेरिकेने माहितीच्या बदल्यात सोडलं. अणुबॉम्ब टाकणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही, आणि ते बोलून दाखवणारे पालच होते. पण त्यावरून न्यायालयंच नकोत असं त्यांनी मानलं असतं, तर 1952 ते 1966 अशी चौदा वर्षं ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगावर कशाला बसले असते? दोनदा तर त्याचे अध्यक्ष होते. ग्रुपवर वाद घालायचाच असेल तर ताजा विषय आहे: 1998 मध्ये रोममध्ये कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला, भारत मतदानात तटस्थ राहिला आणि आजही त्याचा सदस्य नाही. ते बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे.