‘शाळेत कामाचं काही शिकवलंच नाही’? पुस्तक उघडून बघा

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘शाळेने पायथागोरस शिकवला, पण आयकर कसा भरायचा ते नाही. लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण कर्ज कसं घ्यावं, आपले हक्क काय, हे कुणी सांगितलं नाही. आता तर सगळं मोबाईलच करतो.’ मी नववी-दहावीला गणित शिकवतो. हा मेसेज वाचून दरवेळी जीव तुटतो, कारण माझी मुलंही तो खरा मानतात.

‘कर, गुंतवणूक शिकवत नाहीत.’ हे सरळ चूक आहे. आपल्या राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याज आहे, सूट आणि कमिशन आहे. नववीच्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणात आयकराची आकारणी आहे. दहावीत त्याच नावाच्या प्रकरणात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी आहे. फॉर्म भरायला शिकवत नाहीत हे कबूल, आणि ते बरंच आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि व्हॅट या जुन्या विक्रीकराची विवरणपत्रं भरण्यात मुरलेल्यांनाही नव्याने शिकावं लागलं. ज्यांचं टक्केवारीचं गणित पक्कं होतं, त्यांना नवं बिल समजायला वेळ लागला नाही.

‘कर्जाबद्दल काही सांगत नाहीत.’ दोन वर्षांपूर्वी एका मुलीने वडिलांच्या कर्जाचा कागद वर्गात आणला. 60,000 रुपये, 12 महिने, व्याज ‘फक्त 12 टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. व्याज झालं 7,200 आणि महिन्याचा हप्ता 5,600. फळ्यावर मांडल्यावर तीच म्हणाली, “सर, मुद्दल तर दर महिन्याला पाच हजारांनी कमी होतंय. मग व्याज शेवटपर्यंत साठ हजारांवर का?” दर महिन्याची बाकी लिहून काढली: 60,000, 55,000, 50,000, अशी खाली 5,000 पर्यंत. ही तर दहावीतली अंकगणिती श्रेढी, सारख्या फरकाने बदलत जाणारी संख्यांची रांग! पहिलं आणि शेवटचं पद मिळवून निम्मं केलं की सरासरी 32,500. वर्षभर त्या माणसाकडे सरासरी साडेबत्तीस हजारच होते, आणि त्यांवर व्याज 7,200. भागून बघा, दर 22 टक्क्यांच्या आसपास येतो. “बारा सांगून बावीस घेतात?” मागच्या बाकावरून आवाज आला. श्रेढीच्या प्रकरणात कर्जाचा हा हिशोब नाही, पण तो करायला लागणारं सगळं त्यात आहे.

पायथागोरसचं म्हणाल, तर बांधकामावर पायाची आखणी चालू असताना जाऊन उभे राहा. गवंडी एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजून खुणा करतो आणि त्या खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. 3 चा वर्ग अधिक 4 चा वर्ग म्हणजे 5 चा वर्ग, हाच तो पायथागोरस. कोपरा काटकोनात बसला नाही, तर पुढे फरशीपासून पत्र्यापर्यंत सगळं तिरपं जातं.

‘हक्क शिकवत नाहीत, नुसत्या सनावळ्या.’ सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा आहे, दहावीच्या राज्यशास्त्रात गावांच्या आणि शहरांच्या स्थानिक संस्थांना अधिकार देणारी 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती, माहितीचा अधिकार, निवडणूक प्रक्रिया आहे. माहितीचा अधिकार 2005 चा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. गावातल्या रस्त्यावर किती खर्च झाला, हे दहावीची पोरगीही घरच्या मोठ्यांच्या नावाने अर्ज लिहून विचारू शकते. इतिहासाचंही तसंच. नववीचं पुस्तक ‘इतिहासाची साधने’ या प्रकरणापासूनच सुरू होतं. साधन कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं, हे आधी तपासायचं. मोबाईलवर आलेल्या जुन्या दंगलीच्या फोटोला हेच तीन प्रश्न विचारले असते, तर कितीतरी भांडणं टळली असती. हे मला मनापासून वाटतं.

मोबाईल हिशोब करतो, बरोबर. पण काय विचारायचं ते त्याला आपणच सांगायचं असतं. कर्जाचा तो प्रश्न त्या मुलीला पडला म्हणून पुढचा भागाकार झाला.

या मेसेजमागचा राग मात्र मला कळतो. पुस्तकात असलेलं वर्गात येतंच असं नाही. अर्थनियोजनात ‘किती मार्कांना येतं’ तेवढंच बघितलं जातं, ग्रामसभेची ‘टीप लिहा’ होते, गाईडमधलं उत्तर वहीत उतरतं आणि मूल एकदाही खऱ्या ग्रामसभेत जाऊन बसत नाही. दोष इथे आहे, आणि तो आम्हा शिक्षकांचाही आहे.

म्हणून मी आता दर जूनला मुलांना एक काम देतो. कर्जाची एक जाहिरात वहीत चिकटवायची आणि तिच्याखाली खरा दर काढायचा. “हे बोर्डाला येतं का, सर?” असा पालकांचा फोन येतोच. येत नाही, असं मी सांगतो, आणि वही घेऊन तुम्हीही मुलाशेजारी बसा, एवढी विनंती करतो.