मोनॅकोचा तो फॉरवर्ड आणि थोडं खरं

युरोप टूरचं नुसतं नाव काढा, ग्रुपवर कुणीतरी हा मेसेज टाकतंच: ‘मोनॅकोला जाऊ नका. वेगळा व्हिसा लागतो, दिवसाला लाखभर उडतात, बघायला राजाचा महाल आणि कसिनो एवढंच, आणि अख्खा देश जुगारावर पोसलाय.’ आमच्या सोसायटीत तो परवा तिसऱ्यांदा फिरला, म्हणून हे उत्तर.

व्हिसाचं आधी उरकतो. फ्रान्सला चालणारा शेंगेन व्हिसा इथेही चालतो. शेजारच्या फ्रान्समधल्या नीस शहरातून साधी लोकल पकडायची, पंचवीसेक मिनिटांत डोंगराच्या पोटातल्या स्टेशनात उतरायचं. सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही.

लाखभर? मुक्काम केलात तर खिसा फाटेल, हे कबूल. पण मुक्काम कशाला? देश जेमतेम दोन चौरस किलोमीटर. नीसला राहा, सकाळी या, संध्याकाळी परत. चढ दमवणारे आहेत, पण ठिकठिकाणी फुकटच्या सार्वजनिक लिफ्ट आहेत. जेवायला कोंदामीनचा बाजार गाठा. तिथे मिळणारा ‘सोका’ म्हणजे भट्टीत भाजलेलं हरभऱ्याच्या पिठाचं धिरडंच, आणि ‘बार्बाज्वान’ म्हणजे पालेभाजी नि चीज भरून तळलेली तिखटमिठाची करंजी. (सोबत चटणी नाही, एवढंच दुःख.)

आता महाल. तिथे राजा नाहीच, प्रिन्स आहे. 2005पासून आल्बेर दुसरे. 1297 साली फ्रान्स्वा ग्रिमाल्दी साधूच्या वेशात या किल्ल्यात शिरला आणि त्याने तो बळकावला, म्हणून ग्रिमाल्दी राजघराण्याच्या चिन्हावर आजही तलवारी उपसलेले दोन साधू दिसतात. रोज 11:55ला पहारा बदलतो, तो फुकट बघता येतो. हंगामात तिकीट काढून आतली दालनंही बघता येतात. शिवाय 1910चं समुद्रविज्ञान संग्रहालय आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ते दिसलंच नाही, आणि मुलं बरोबर असतील तर तिथून पाय निघत नाही.

राहिला जुगार. इथे मेसेज दीडशे वर्षं उशिरा आलाय. मांतों आणि रोकब्रून ही मोनॅकोची गावं हातची गेली, 1861मध्ये ती रीतसर फ्रान्सला दिली गेली, आणि त्यांच्याबरोबर लिंबू-ऑलिव्हचं उत्पन्नही गेलं. तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा त्या वेळचा प्रिन्स चार्ल्स तिसरा याने कसिनोचा डाव टाकला. तो असा लागला की 1869मध्ये प्रजेचा प्राप्तिकरच माफ झाला. आज मात्र सरकारी उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा व्हॅटचा आहे, कसिनोचा अगदी किरकोळ. रोज फ्रान्स-इटलीतून पन्नास हजारांवर माणसं इथे कामाला येतात, ती काय पत्ते पिसायला? आणि खुद्द मोनॅकोच्या नागरिकांना कसिनोतल्या टेबलांवर बसायला कायद्याने बंदी आहे.

तुम्हाला नाही. फक्त पासपोर्ट जवळ ठेवा आणि हाफ पँट-चपला घालून जाऊ नका.