खिळा मारू द्या

आज डोकं फिरलंय. लिहून टाकतो, नाहीतर रात्री झोप यायची नाही.

दुपारी एकच्या सुमाराला जेवून जरा आडवा झालो होतो. आपल्या सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशी वेळ, आणि जिन्यात कुणाचातरी आवाज चढला. दार उघडून वर गेलो तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू स्वतःच्या दाराबाहेर उभ्या. अंगात गाऊन, पायात काही नाही, हातात स्टीलची वाटी. समोरच्यांकडं विरजण मागायला दोन मिनिटं म्हणून गेल्या, तेवढ्यात गॅलरीतनं वारं आलं आणि दार धाडकन लागलं. नाइट लॅच. किल्ली आत, मोबाइल आत, चष्मासुद्धा आत. नशीब गॅस बंद होता.

एवढ्यानं माझं डोकं फिरलेलं नाही, दार कुणाचंही लागतं. समोरच्या वहिनींनी त्यांच्या फोनवरनं काकूंच्या मुलाला पुण्याला फोन लावला, स्पीकरवर, आणि तो जे सुरू झाला! "आई तुला हजार वेळा सांगितलंय, किल्ली गळ्यात अडकव म्हणून, तुझं लक्षच नसतं कुठं, मी इथं मीटिंगमध्ये आहे, आता हे लॅचबिच काढून डिजिटल लॉकच बसवतो." आम्ही पाच-सहा माणसं जिन्यात उभी, सगळ्यांना ऐकू येतंय. काकू काही बोलल्या नाहीत. वाटीवर तळहात झाकून खाली फरशीकडं बघत होत्या, जणू ते विरजणच सांभाळायचं होतं फक्त. सत्तरीच्या बाई, नवऱ्यामागं एकटीनं घर चालवलं, आणि एका दाराच्या वाऱ्यावरनं चारचौघात ऐकून घ्यायचं.

मला फोन हिसकावून घेऊन म्हणावंसं वाटलं, का बे, कशाला ओरडलालास, तू ह्या घरात किल्लीला जागा ठेवलीस का कुठं? पण नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते पुढं सांगतो.

आधी अण्णांचं सांगतो. माझे वडील रेल्वेत गेटमन होते, आयुष्यभर फाटकावर ड्यूटी, पाकणी म्हणा, होटगीकडचं म्हणा, जिथं पाठवतील तिथं. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. फाटकाचं काम बघितलंय का कुणी जवळनं? अण्णांच्या फाटकावर पद्धत अशी होती की फाटक लावायचं, कुलूप घालायचं, मग स्टेशन मास्तरला फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक लागल्याची खूण म्हणून एक आकडा, द्यायचा, तो त्यांनी रजिस्टरला लिहायचा आणि मगच गाडीला सिग्नल. काही फाटकांवर तर फाटक पूर्ण लागल्याशिवाय किल्ली कुलपातनं निघतच नाही, ओढून बघा, अडकूनच राहते. म्हणजे किल्ली माणसाच्या हातात आली ह्याचा अर्थच फाटक बंद आहे. अण्णा म्हणायचे, किल्ली आधी, गाडी मागनं. घरीपण तेच. क्वार्टरच्या दाराला कडी-कोयंडा आणि असं कुलूप की किल्ली फिरवल्याशिवाय लागायचंच नाही, त्यामुळं किल्ली आत विसरून बाहेर अडकलोय असं व्हायची सोयच नव्हती. आणि चौकटीच्या आत उजव्या हाताला एक खिळा. त्याच्यावर किल्ली, किल्लीला लाल चिंधी बांधलेली, रद्द झालेल्या जुन्या झेंड्याच्या कापडाची. अंधारात लाइट गेली तरी हात बरोबर तिथंच जायचा. मी शाळेतनं आलो, दप्तर टाकलं, पण किल्ली खिळ्याला. आई बाजारातनं आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी किल्ली खिळ्याला. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा आमच्या घरात "किल्ली कुठंय" हा शब्द नाही ऐकला मी.

आणि आपली लॅच बघा, फाटकाच्या बरोबर उलटी. तिची ती तिरकी जीभ स्प्रिंगवर असते, दार ढकललं की आत सरकते आणि खटकन बसते, किल्ली कुठंय हे ती विचारतच नाही. चोरासाठी म्हणून बसवतो आपण आणि अडकतात घरातलीच माणसं, त्यातही बायका आणि म्हातारी माणसं, कारण दिवसभर घरात तीच असतात. कचऱ्याची गाडी आली, दूधवाला आला, खाली भाजीवाला ओरडला, की दोन मिनिटं बाहेर. बहुतेक लॅचला आतल्या बाजूनं एक छोटी खुटी असते, ती सरकवली की जीभ आतच राहते, मग दार कितीही आपटू दे लागत नाही. आज काकूंना दाखवली. पाच वर्षं झाली त्यांना त्या घरात, कुणी दाखवलीच नव्हती. मुलानं डिजिटल लॉकचं सांगितलं, खुटीचं नाही सांगितलं.

२०१४ ला आम्ही इथं जुळे सोलापूर भागात हा फ्लॅट घेतला. नवीन पीओपी, नवीन रंग, हॉलमध्ये तो क्रीम कलर. राहायला आलो त्याच आठवड्यात अण्णा हातोडी घेऊन उभे, दाराजवळ खिळा मारतो म्हणाले. मी नको म्हटलं. रंग जातो अण्णा, प्लास्टर फुटतं, आपण छान की-होल्डर आणू. ते काही बोलले नाहीत, हातोडी ठेवून दिली. की-होल्डर काही आला नाही. मग किल्ली कधी फ्रिजवर, कधी टीव्हीपाशी, कधी माझ्या पँटच्या खिशात ऑफिसला, कधी बायकोच्या पर्समध्ये. तुमच्याकडं वेगळं चालतं असं सांगू नका, मी तुमच्या घरी आलेलो आहे.

२०१७ चा मे. अण्णा सकाळी साडेअकराला खाली दूध आणायला गेले, येईपर्यंत दार लागलेलं. आम्ही दोघं कामावर, पोरगं आजोळी. फोन आत चार्जिंगला. शेजारी तेव्हा कुणाशी फारशी ओळख नाही, आणि अण्णांचा स्वभाव कुणाची बेल वाजवायचा नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मी अडीचला कशासाठीतरी घरी आलो तर ते तिथंच, भिंतीला टेकून, शर्ट घामानं चिकटलेला, मांडीवर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. तीन तास. मला बघून उठले, पिशवी पुढं केली आणि म्हणाले, नासलं असंल बघ.

आणि मी ओरडलो त्यांच्यावर. आज जसा तो पोरगा ओरडला अगदी तसाच. किल्ली घेऊन जायला काय होतं, फोन न्यायला काय होतं, सगळं बोललो. ज्या माणसानं एवढी वर्षं फाटकाची किल्ली सांभाळली, एकदा हातनं चूक नाही, त्याला मी किल्ली कशी सांभाळायची ते शिकवत होतो. म्हणून आज फोन हिसकावला नाही. कुठल्या तोंडानं हिसकावणार.

दुसऱ्या दिवशी मीच खिळा मारला. प्लास्टर जरासं उडालं, अजून तसंच आहे, नंतर रंग काढला तेव्हा पेंटरला सांगितलं ते तसंच राहू दे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस विसरतो, म्हातारा पण विसरतो, तरणा पण विसरतो, म्हणून विसरण्यावरनं माणसाला बोलायचं नाही, किल्लीला जागा द्यायची. दाराच्या आत, हात पोचेल अशी, आणि एकच. आणि दार ओढायच्या आधी किल्ली हातात दिसली पाहिजे, खिशात आहे, पर्समध्ये असेल, असं नाही, डोळ्यांना दिसली पाहिजे. माझी आजी कमरेला चांदीचा छल्ला लावायची, त्याला किल्ल्या, चालताना आवाज यायचा, त्यात नुसती मिरवामिरव नव्हती हो, किल्ली अंगावरच असायची. आता छल्ला गेला, लुगडं गेलं, गाऊन आला आणि निम्म्या गाऊनला खिसा नाही. आणि मग म्हणायचं आई किल्ली न्यायला विसरते. कुठं ठेवायची तिनं? शिंप्याकडनं एक खिसा लावून घ्या की राव, पन्नास रुपयाचं काम.

दुसरी गोष्ट, एक किल्ली घराबाहेर पाहिजे. पायपुसण्याखाली नाही, मीटरच्या पेटीत नाही, तुळशीच्या कुंडीत तर अजिबात नाही, ह्या तीन जागा अख्ख्या गावाला पाठ आहेत. माणसाकडं पाहिजे. आमच्या क्वार्टरची दुसरी किल्ली शेजारच्या अक्कांकडं असायची, तेलुगू बोलणाऱ्या, आईला धड तेलुगू येत नव्हतं आणि त्यांना धड मराठी, पण किल्ली एकमेकींकडं. सोलापुरात पाणी कसं येतं सांगायला पाहिजे का? चार-चार पाच-पाच दिवसांनी, ते पण कधी पहाटे कधी रात्री बाराला. आई माहेरी गेली असेल आणि अण्णा ड्यूटीवर असतील तर अक्का कुलूप उघडून आमचा पिंप, कळशा, अगदी तांब्या-भांडी भरून ठेवायच्या आणि परत कुलूप लावून जायच्या. उजनी धरण भरलं काय आणि रिकामं काय, आमचं पाणी अक्कांच्या हातातल्या किल्लीवर होतं. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायला जायचो तेव्हा चार घरांच्या किल्ल्या एकाच उशीखाली. कुणाचं काही गेलं नाही कधी.

आता लगेच कुणीतरी लिहील, काळ बदललाय, चोऱ्या होतात, शेजाऱ्यांचा काय भरवसा. मान्य. सगळ्यांना नाही देता येत किल्ली, बरोबर. मग बहिणीकडं ठेवा, गावातल्या मित्राकडं ठेवा, पण ठेवा. आमच्या बिल्डिंगीत वीस घरं आहेत आणि आज मी मुद्दाम विचारलं, कुणाची किल्ली कुणाकडं आहे? फक्त दोन घरांची. बाकी सगळे सीसीटीव्ही लावून बसलेत. सीसीटीव्हीत काकू बाहेर उभ्या आहेत हे दिसतं, दार उघडत नाही त्यानं.

आणि डिजिटल लॉकबद्दल, वाईट नसतं ते, ज्यांना परवडतं त्यांनी लावावं. पण ते सेलवर चालतं, सेल संपत आले की आधी टूंटूं करतं, ते काकूंना कळणार आहे का? त्याच्याबरोबर अडीअडचणीला म्हणून एक साधी किल्ली येते बहुतेकांना, ती किल्ली लोक कुठं ठेवतात माहितीये का, त्याच घरातल्या कपाटात. परत तिथंच आलो. ते ब्लूटूथचं टॅग पण तसंच, किल्ली घरातल्या घरात सोफ्याखाली गेली तर वाजवून सापडेल, चांगलंच आहे. पण बंद दाराच्या आत ते वाजत राहिलं तर नुसतं ऐकत बसा बाहेर.

डुप्लिकेट करून घेताना एक बघा, मूळ किल्लीवरनंच करा. डुप्लिकेटवरनं डुप्लिकेट केली की प्रत्येक वेळी दात थोडे थोडे चुकत जातात आणि मग ऐन वेळी किल्ली फिरत नाही. आणि कुलूप जड चाललं म्हणून गोडंतेल ओतू नका कृपा करून, आपल्याकडच्या धुळीत ते तेल धरून बसतं आणि आत चिखल होतो. शिसपेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासायचं आणि दोन-चार वेळा फिरवायची, अण्णा तेच करायचे. किल्लीच्या टॅगवर फ्लॅट नंबर आणि बिल्डिंगचं नाव लिहिणारे पण बघितलेत मी. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर ती पडली म्हणजे चोराला पत्त्यासकट किल्ली. गर्दीत जाताना सेफ्टी पिननं आतल्या खिशाला टाचून न्या.

किल्लीवाला आला अडीचला. उन्हातनं गाडीवर आलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पेटीत कानस, पकड, तारा, किल्ल्यांचा हा मोठा जुडगा. पहिल्यांदा काकूंना म्हणाला, "काय टेन्शन घेऊ नका मावशी, रोज चार-पाच घरं असतात माझी असली." एवढं एक वाक्य. मुलाला नाही सुचलं ते, मला २०१७ ला नाही सुचलं. वीस मिनिटांत दार उघडलं. काकूंनी आत जाऊन आधी विरजण दुधात घातलं, मग त्याला पाणी दिलं, मग पैसे.

संध्याकाळी बायको त्यांच्याकडं जाऊन बसली. काकूंनी आपणहून एक किल्ली तिच्या हातात दिली आणि आम्ही आमची त्यांना दिली. मुलाचा पण परत फोन आला होता म्हणे, आवाज खाली होता, जेवलीस का विचारत होता. चांगला पोरगा आहे, लांब राहून जीव घाबरतो आणि घाबरलं की माणूस ओरडतो, मला माहितीये ते. त्याला रागानं लिहिलेलं वरचं मी खोडत नाहीये, पण हे पण लिहितोय.

मी म्हटलं काकू, दाराजवळ एक खिळा मारून देतो किल्लीला. त्या म्हणाल्या, नको रे, मागच्या दिवाळीलाच रंग दिलाय, भिंत खराब होईल, तो ओरडंल.

हातोडी शोधून ठेवलीय. अण्णांचीच आहे. लाल कापड पण मिळालं ट्रंकेत, चिंधी निघेल एवढं. सकाळी चहा झाला की वर जातो, रंगाचं काय व्हायचं ते मी त्याच्याशी बोलतो.