ब्रॉडबँड बदललं आणि घरातली रेंज गेली

ब्रॉडबँड कंपनी बदलल्यावर घरातला मोबाइल बूस्टर बंद पडला तर तो लगेच फेकू नका, नवा विकतही घेऊ नका. इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींच्या घरी हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय, की आता सविस्तर लिहायलाच हवं. कनेक्शन विकताना माणूस स्पीड सांगतो, दर सांगतो, पहिल्या वर्षाची सवलत सांगतो. पण ज्या डब्याच्या जोरावर तुमचा फोन घरात लागतो, त्याला हे नवं नेट मानवेल का, हे तो विचारत नाही आणि सांगतही नाही. हे सांगणं कंपनीवर बंधनकारक असायला हवं असं माझं ठाम मत आहे. त्याकडे येतेच, पण आधी डबा सुरू करू.

सगळ्यात आधी आपल्या घरी नक्की काय आहे ते बघा, कारण बूस्टर म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रं वापरात आहेत. एक रिपीटर. छपरावर किंवा खिडकीबाहेर एक अँटेना, घरात दुसरी, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर. बाहेरच्या टॉवरची रेंज तो वाढवून आत सोडतो. त्याचा इंटरनेटशी काडीचाही संबंध नाही. तो बंद पडला असेल तर नवी केबल टाकताना कुणी बाहेरची अँटेना हलवली का, प्लग काढून ठेवला का, एवढंच तपासायचं.

दुसरा फेम्टोसेल. हा मोबाइल कंपनीच देते. हा स्वतःच एक छोटा टॉवर असतो आणि त्याला कंपनीच्या नेटवर्कशी जोडतं ते तुमचं घरचं ब्रॉडबँड. म्हणून कंपनी बदलली की अडतो तो हाच.

त्याचं वयही बघून घ्या. जुने फेम्टोसेल थ्रीजीचे होते. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, त्याबरोबर त्यांचे मायक्रोसेल डबे गेले. व्हेरायझनचं थ्रीजी २०२२ च्या अखेरीस संपलं. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांकडे व्होडाफोनचा शुअर सिग्नल असायचा. तिथलंही थ्रीजी २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं, आणि तो डबा आता कुठल्याही ब्रॉडबँडवर चालणार नाही. तुमचा डबा या पिढीतला असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

आता आमच्या ओळखीतल्या काका-काकूंचं सांगते. पेनसिल्व्हेनियात डोंगराच्या कुशीतलं घर, दोघेही सत्तरीपुढचे. नव्या घरांच्या खिडक्यांना उष्णता अडवायला धातूचा पातळ थर दिलेला असतो, भिंतीतल्या इन्सुलेशनलाही चकचकीत फॉइल असते. त्यातून मोबाइलची रेंज आत येता येता अर्धमेली होते. म्हणून त्यांनी फेम्टोसेल घेतला होता आणि तो उत्तम चालायचा. मग त्यांनी केबलचं नेट सोडून फायबर घेतलं. टेक्निशियनने फायबर बेसमेंटमधून आत घेतलं, राउटर तिथेच लावला, आणि बाकीच्या वायरींसोबत हा डबाही खाली नेऊन राउटरशेजारी जोडून दिला. सगळं नीटनेटकं दिसत होतं. नेट झकास होतं. फोन मात्र लागेना.

मोबाइल कंपनी म्हणाली, आमच्याकडून सगळं ठीक आहे, ब्रॉडबँडवाल्यांना विचारा. ब्रॉडबँडवाले म्हणाले, स्पीड पूर्ण येतोय, मोबाइलवाल्यांना विचारा. त्या घरात काकांच्या हृदयाच्या गोळ्या टेबलावर मांडलेल्या असतात. रात्री काही झालं तर काकूंना आणीबाणीचा ९११ लावायला बर्फात, अंगणाच्या टोकापर्यंत जावं लागलं असतं. मला या टोलवाटोलवीचा संताप येतो तो या कारणाने. आपल्याला वाटतं रेंजचा प्रश्न म्हणजे जरा गैरसोय. लँडलाइन काढून टाकलेल्या घरात तो जीवाचा प्रश्न असतो.

कारण अगदी साधं होतं. अमेरिकेतल्या बहुतेक फेम्टोसेलना जीपीएस लागतं, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, आपण कुठे आहोत हे डब्याला कळायला हवं, कारण ज्या भागात त्या कंपनीला परवाना आहे तिथेच त्याने प्रक्षेपण करायचं, आणि ९११ चा कॉल कुठून आला हेही सांगायचं. दुसरं, टॉवर म्हटलं की त्याची फ्रीक्वेन्सी काटेकोर हवी. घरगुती फेम्टोसेलला मुभा आहे ती दहा लाखांत पाव भागाइतक्या चुकीची. ती शिस्त पाळायला डबा उपग्रहाच्या घड्याळाचा आधार घेतो. बेसमेंटमध्ये आकाश कुठून दिसणार? लांब इथरनेट केबल टाकून डबा वरच्या मजल्यावर खिडकीत ठेवला आणि तासभर त्याला हात लावला नाही. दिवे स्थिर झाले, काकूंच्या फोनवर रेंज आली.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच: डबा आधी जिथे चालत होता तिथेच परत न्या. राउटर हलला म्हणून डबा हलवायची गरज नाही, केबल लांब घ्या. घरात मेश वायफाय असेल तर डबा मुख्य राउटरलाच जोडा, लांबच्या खोलीतल्या उपकेंद्राला नको. आधी मोडेम, मग राउटर, मग डबा अशा क्रमाने सुरू करा आणि पहिल्यांदा त्याला भरपूर वेळ द्या. दर पाच मिनिटांनी प्लग काढला तर त्याचं जीपीएस दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं.

एवढं करूनही चालत नसेल तर दोष डब्यात की नेटमध्ये, हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे. फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करून बाहेर रेंजमध्ये असलेल्या कुणाला तरी कॉल लावा. वायफाय कॉलिंग आणि फेम्टोसेल दोघेही मोबाइल कंपनीपर्यंत जायला एकाच प्रकारचा सुरक्षित बोगदा वापरतात. त्याला आयपीसेक म्हणतात आणि तो यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून, म्हणजे राउटरच्या क्रमांक दिलेल्या दारांमधून, जातो. कॉल लागला, तर नव्या नेटवर तो बोगदा बांधला जातोय, तेव्हा डब्याची जागा, जीपीएस आणि नोंदणी तपासा. कॉलही लागला नाही, तर अडचण बहुधा नव्या राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँड कंपनीच्या जाळ्यात आहे. कस्टमर केअरला फोन करण्याआधी ही चाचणी कराच. मग त्यांना टोलवाटोलवी करता येत नाही.

राउटरमध्ये काय असतं? बऱ्याच घरांत कंपनीच्या नव्या गेटवेच्या (मोडेम आणि राउटर एकत्र असलेल्या यंत्राच्या) मागे आपला जुना राउटर तसाच जोडलेला असतो, म्हणजे घरातला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचं काम दोनदा होतं. दोघांपैकी एकाला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो पत्ता न बदलता नेट नुसतं पुढे देईल, किंवा डबा थेट गेटवेला जोडून बघा. काही गेटवेंमध्ये सुरक्षेच्या नावाखाली अनोळखी बोगदे अडवायची सोय आधीच चालू असते, ती डब्यापुरती बंद करा. पोर्ट ५० उघडा असा सल्लाही अनेक जण देतात, पण त्याचा उपयोग नाही. आयपीसेकमध्ये ५० हा प्रोटोकॉलचा क्रमांक आहे, पोर्टचा नाही. डबा राउटरच्या मागे असला की सुरुवातीची ओळख ५०० वर होते आणि पुढची सगळी वाहतूक ४५०० वरूनच जाते.

आणखी एक अडचण चटकन लक्षात येत नाही, ती पाकिटाच्या आकाराची, कारण नेटवरची माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. साध्या इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. काही डीएसएल आणि फायबर कनेक्शन पीपीपीओई नावाची जोडणीची पद्धत वापरतात, तिथे ही मर्यादा १४९२ होते, आणि मोबाइलवर चालणाऱ्या घरगुती इंटरनेटवर त्याहूनही कमी असू शकते. बोगदा बांधताना डबा आणि कंपनीचा सर्व्हर एकमेकांना सर्टिफिकेट दाखवतात. ती पाकिटं मोठी असतात, वाटेत त्यांचे तुकडे पडतात, आणि एखादं उपकरण ते तुकडे टाकून देतं. मग बाकी सगळं नेट चालतं, व्हिडिओ चालतो, आणि डबा मात्र तासन्‌तास जोडणीच्या टप्प्यावर अडकून राहतो. राउटरमध्ये एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहे ना, हे म्हणून बघायला हवं.

आता मूळ मुद्दा. इंटरनेटवरच्या जोडणीला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आणि आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात पुरे पडत नाहीत. उत्तर अमेरिकेचे पत्ते वाटणाऱ्या एरिन संस्थेचा मोकळा साठा २४ सप्टेंबर २०१५ ला संपला. जुन्या केबल कंपन्यांकडे पूर्वी घेतलेले पत्ते भरपूर आहेत. नव्या फायबर कंपन्या, घरगुती फाइव्ह-जी इंटरनेट आणि उपग्रहाचं इंटरनेट देणाऱ्या अनेक सेवा एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांना वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. आपला राउटर उघडा आणि बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही वाटणीच्या पत्त्यावर आहात, कारण हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर फेम्टोसेल चालतो, पण शांत बसलेली जोडणी कंपनीचं यंत्र लवकर विसरलं तर बोगदा तुटतो, पुन्हा बांधला जातो, पुन्हा तुटतो. कॉल मध्येच कटतात आणि कारण कळत नाही.

ग्राहकाला हे आधी कळायला नको? अमेरिकेत एफसीसी या सरकारी दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार एप्रिल २०२४ पासून मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांना, आणि ऑक्टोबर २०२४ पासून बाकीच्यांना, प्रत्येक प्लॅनसोबत ठरावीक नमुन्याचं लेबल दाखवावं लागतं. खाण्याच्या पाकिटावर कॅलरी लिहितात तसं ते दिसतं. त्यात दर असतो, इतर आकार असतात, स्पीड, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) आणि डेटाची मर्यादा असते. चांगला नियम आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं. पण तुमचा पत्ता स्वतःचा की वाटणीचा, याची एक ओळ त्यात नाही. ही ओळ छापायला काहीही खर्च नाही. ती असती तर घरातला फोन लागेल की नाही याचा विचार लोकांनी सही करण्याआधी केला असता. वाटणीचा पत्ता देऊ नका असं मी म्हणत नाही, पत्तेच संपलेत तर कंपन्या करणार काय! पण सांगा. आणि ज्याला गरज आहे त्याला स्वतंत्र पत्ता मिळेल का, कितीला मिळेल, हेही तिथेच लिहा.

घर बदललं असेल तर डब्याच्या आणि वायफाय कॉलिंगच्या नोंदणीत आणीबाणीसाठी दिलेला पत्ता बदलायला विसरू नका. नाहीतर अँब्युलन्स जुन्या घरी जाण्याचा धोका राहतो.

आणि कळकळीची एक विनंती. कोकणात आई-बाबांच्या घरी रेंज नाही म्हणून इथून रिपीटर बॅगेत घालून नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय असा बूस्टर वापरणं बेकायदा आहे, तो परिसरातल्या सगळ्यांच्या नेटवर्कमध्ये गोंधळ घालतो, आणि इथले बरेचसे बँड, म्हणजे फ्रीक्वेन्सीचे पट्टेही तिथे जुळत नाहीत. फेम्टोसेल तर इथल्या जागेलाच बांधलेला असतो. तिथे घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करून द्या. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, आणि वरची एअरप्लेन मोडची चाचणी तिथेही तशीच करता येते.

सगळं करूनही दोन्ही कंपन्या हात झटकत असतील तर एफसीसीच्या ग्राहक तक्रार केंद्रावर ऑनलाइन तक्रार करा. फुकट आहे, वकील लागत नाही, आणि तक्रार कंपनीकडे पोचली की तिला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत नुसतं बूस्टर बंद आहे असं लिहू नका. वायफाय कॉलिंगच्या चाचणीचा निकाल, राउटरवरच्या बाहेरच्या पत्त्याचे पहिले दोन आकडे (१००.६४ असे), डबा कुठे ठेवलाय आणि कंपनी बदलल्याची तारीख लिहा. घरात वयस्कर माणसं असतील तर तेही लिहा. इंग्रजीत लिहायला अडत असेल तर मला मेसेज करा, आपण मिळून लिहू.