१०६ टक्के पाऊस आणि आमची बोअर

एप्रिल २०२४ मध्ये हवामान खात्याचा अंदाज आला, यंदा पाऊस सरासरीच्या १०६ टक्के. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत त्याच आठवड्यात प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवण्यावर बैठक होती. ती रद्द झाली. "ताई, पाऊस चांगला आहे म्हणतायत, आता कशाला खर्चात पडायचं?" खजिनदार काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. मलाही ते पटलं होतं, हे आज कबूल करते.

अंदाज खरा ठरला. देशात १०८ टक्के पाऊस पडला. जुलैत सिंहगड रोडला लोकांच्या घरात पाणी शिरलं. आणि पुढच्या मार्चमध्ये आमच्या गेटवर टँकर उभा होता.

म्हणजे ज्या गोष्टीची आशा धरली ती पुरेपूर मिळाली, तरी नळ कोरडाच. तेव्हापासून "होईल गं सगळं नीट" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही बेताचंच. आम्ही सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक घातले, गच्चीवरचं पाणी गटारात सोडलं आणि खालून मात्र मोटर लावून उपसत राहिलो. पाऊस कितीही पडो, तो मुरायचा कुठे?

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. तिथलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, श्रमदान झालं, डोंगरावर चर खणले, हे शाळेच्या भाषणातही येतं. मला त्याहून मोठा वाटतो तो त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. पावसाळा सरला की किती पडला ते ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. उसाला, केळीला बंदी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ही माणसं निराश होती असं कोण म्हणेल? निराश माणूस उन्हात चर खणत नाही. पण ती पडलेला पाऊस मोजून पेरणी ठरवतात. आम्ही अंदाज वाचून बैठक रद्द केली.

"तू एकटी बादलीत अंघोळ करून काय होणार?" असं माझी बहीण विचारते. तिचं खरं आहे. जमिनीखालचं पाणी सामायिक असतं, मी वाचवलेलं शेजारची सोसायटी उपसते. म्हणून एकट्यानं चांगलं वागून समाधान मानणंही मला पुरेसं वाटत नाही. हिवरे बाजारची बोअरबंदी एका शेतकऱ्याच्या चांगुलपणावर उभी नाही, ती अख्ख्या गावाचा निर्णय आहे. मग माझी जबाबदारी काय? बादली आहेच. पण त्याहून जास्त, ती रद्द झालेली बैठक पुन्हा भरवणं.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, पार्किंगमध्ये. विषय तीन : मीटर, गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडणं आणि शेजारच्या दोन सोसायट्यांशी उपशाबद्दल बोलणं. गच्चीवर पर्जन्यमापक मी बसवलाय. जूनपासून रोजचा आकडा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहीन. त्याच फळ्यावर मार्चपासून आलेल्या टँकरची संख्या आजच लिहिली आहे : ४१.

काका, तुम्हीही या.