चपलेच्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळीतल्या बंधुभगिनींनो, गेल्या रविवारी उपासनेनंतर मी ग्रुपवर टाकलेला मेसेज आता गावभर फिरतोय: 'कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, म्हणजे कारागिराला रास्त दाम मिळतोच. टॅग बघून घ्या, बाकी चौकशी नको.' हे चुकीचं आहे आणि चूक माझीच.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं, हे खरं. पण ते महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांत, ठरलेल्या पद्धतीने बनलेल्या चपलेच्या नावाला संरक्षण देतं. मजुरीबद्दल त्यात काही नाही. रास्त व्यापाराचं (फेअर ट्रेड), म्हणजे बनवणाऱ्याला योग्य मोबदला देणाऱ्या व्यापाराचं, प्रमाणपत्र वेगळं. चहा-कॉफीसारख्या मालाला त्यात किमान भाव ठरतो, वर गावाच्या कामासाठी जादा रक्कम मिळते.

माझे डोळे उघडले ते एका कारागिराच्या ओट्यावर. चपलेची वेणी घालता घालता ते मामा म्हणाले, "टॅग दुकानात ऱ्हातोय, आमच्या हातात काय न्हाई." मग जीआयचे नियम नीट वाचले.

रास्त व्यापाराची चळवळ मंडळ्यांना नवी नाही. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) मंडळीच्या एडना रूथ बायलर यांनी पोर्तो रिको बेटावरच्या बायकांचं भरतकाम विकायला सुरुवात केली, त्यातून ही चळवळ वाढली. आपणही महिला मंडळाची खरेदी थेट कारागिराकडून, घासाघीस न करता करू शकतो. दुकानदाराला 'बनवणाऱ्याला किती दिले?' हे विचारता येतं, कारागिरांच्या मजुरीबद्दल खासदारांना पत्र लिहिता येतं. (पत्राचा मसुदा पाळकसाहेबांकडे दिलाय.)

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.