‘नभ म्हणजे जिथे प्रकाश नाही’ हे खरे नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरतो. ‘नभ’ हा शब्द न + भ असा बनला; ‘भ’ म्हणजे प्रकाश, म्हणून नभ म्हणजे प्रकाशहीन. अवकाश काळे असते हे ऋषींना ठाऊक होते, याचा हा पुरावा. त्याला ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथाचे कर्ते यास्काचार्य यांचा आधार आहे, असेही त्यात म्हटलेले असते. आणि ‘नेब्युला’ (तेजोमेघ) हा इंग्रजी शब्दही नभवरूनच गेला.

पहिली अडचण अशी की मूळ शब्द नभ नसून ‘नभस्’ आहे. तो सकारान्त (स् ने संपणारा), नपुंसकलिंगी : नभः, नभसी, नभांसि. याची खूण मराठीतही शाबूत आहे. देव + वाणी = देववाणी; पण आपण नभवाणी म्हणत नाही, नभोवाणी म्हणतो. मनस् + रंजन = मनोरंजन होते, तसाच हा ‘ओ’ शेवटच्या स् मुळे आला. (‘नभांगण’ हा नंतरच्या अकारान्त नभवरून झालेला शब्द.) न + भ या फोडीत या स् ची जागाच नाही.

दुसरी अडचण पाणिनीची. नकारार्थी समासात व्यंजनापुढे ‘न’ चा ‘अ’ होतो : न + धर्म = अधर्म. त्या हिशेबाने न + भ म्हणजे ‘अभ’ व्हायला हवे. ‘न’ जसाच्या तसा राहतो असे अपवाद पाणिनीने ६.३.७५ या सूत्रात नावे घेऊन सांगितले आहेत : नभ्राट्, नपात्, नवेदाः, नासत्य, नमुचि, नकुल, नख, नपुंसक, नक्षत्र, नक्र, नाक. स्वर्गवाचक नाक यात आहे, नभस् नाही. ‘नभ्राट्’ पाहून फसू नये. तो ‘भ्राज्’ म्हणजे चमकणे या धातूचा वेगळा शब्द आहे. धातूंपासून शब्द साधून दाखवणारी उणादिसूत्रे तर नभस् ‘नह्’ म्हणजे बांधणे या धातूपासून साधतात. प्रकाशाचा तिथे संबंधच येत नाही.

यास्कांचा आधार हा या मजकुरातला सर्वांत गंभीर घोटाळा. निरुक्ताच्या दुसऱ्या अध्यायात नभ शब्द आला आहे, पण तिथे तो प्रथम सूर्यवाचक आहे : ‘नभ आदित्यो भवति’. पुढे ‘नेता भासाम्’, म्हणजे तेजाचा नेता, आणि शेवटी ‘न न भातीति वा’. दोन नकार आहेत. प्रकाशत नाही असे नाही, म्हणजे प्रकाशतोच. हेच निर्वचन (व्युत्पत्ती) द्युलोकालाही, म्हणजे आकाशालाही लागू, असे यास्क लगेच सांगतात. एक ‘न’ गाळला की अर्थ नेमका उलटा होतो.

मग नभस् चा जुना अर्थ काय? धुके, बाष्प, ढग आणि त्यावरून आकाश. तैत्तिरीय संहितेत ‘नभश्च नभस्यश्च वार्षिकावृतू’ असे पावसाळ्याचे दोन महिने दिले आहेत, म्हणजे श्रावण आणि भाद्रपद. अमरकोश हा संस्कृत शब्दकोशही ‘नभाः’ हे श्रावणाचे नाव देतो. मेघदूतातले ‘प्रत्यासन्ने नभसि’ म्हणजे श्रावण जवळ आला असताना. तिथे आकाश असा अर्थ लावला तर श्लोकच बिघडतो. ऐन पावसाळ्याच्या महिन्याला हे नाव मिळते ते ढगांमुळे. काळ्या अवकाशाशी त्याचा मेळ बसत नाही.

राहिला नेब्युला. तो इंग्रजीने लॅटिनमधून घेतला. तिथे त्याचा अर्थ धुके, ढग. नभस् शी त्याचे नाते खरे आहे, पण ते सख्ख्या भावंडांचे. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. ग्रीक नेफोस (ढग), प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती भाषेतला नेपिश (आकाश), रशियन नेबो (आकाश) हीही त्याच घरातली, आणि रशियन अनेकवचन ‘नेबेसा’ मध्ये तो स् अजून आहे. या भाषांच्या समान पूर्वज भाषेतला ऱ्हस्व ‘ए’ संस्कृतात बदलून ‘अ’ झाला : लॅटिन डेकेम, ग्रीक डेका, पण संस्कृत दश. नेब्युला नभस् पासून निघाला असता तर त्यात ‘ने’ ऐवजी ‘न’ असता. ‘भ’ चे लॅटिनमध्ये शब्दाच्या मधोमध ‘ब’ होणे मात्र नियमित आहे. संस्कृत उभौ, ग्रीक अम्फो, लॅटिन अम्बो ही त्याची दुसरी साक्ष.